बटाट्यातील कंदनिर्मिती आणि वनस्पती संप्रेरके : पुणे जिल्ह्यातील लागवडीच्या संदर्भात

गोषवारा :
बटाट्याच्या झाडाला कंद केव्हा धरेल, हे मुख्यत्वे जिबरेलिन या संप्रेरकाची पातळी केव्हा घटते यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या घटीमागील कारणे व अन्य संप्रेरकांचे कार्य स्पष्ट करून, पुणे जिल्ह्यातील खरीप व रब्बी लागवडीशी त्यांचा असलेला संबंध मांडला आहे.

बीजसंज्ञा : कंदनिर्मिती, जिबरेलिन, दिनमान, रात्रीचे तापमान, नत्र.

१. प्रस्तावना
देहूरोडच्या ईशान्येस चाकण ओलांडले की खेड, आंबेगाव व जुन्नर तालुक्यांचा बटाटा पिकविणारा पट्टा लागतो. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर हे पीक खरिपात पावसाच्या भरवशावर घेतले जाते; अन्यत्र रब्बीत पाण्याच्या सोयीने घेतात. बेणे बहुतांशी पंजाबातून मंचरच्या बाजारपेठेत येते व लागवडीच्या खर्चाचा मोठा वाटा त्यावरच पडतो. असा खर्च करूनही पुष्कळदा पाला जोमाने वाढतो आणि काढणीत बटाटे मात्र थोडे व बारीक निघतात. 'पीक माजले' असे शेतकरी म्हणतात. या माजण्याचा उलगडा संप्रेरकांच्या अभ्यासातून होतो.

२. कंद म्हणजे काय?
बटाटा हे मूळ नसून खोड आहे. झाडाच्या बुडापासून जमिनीखाली आडव्या फांद्या फुटतात. त्यांना स्टोलॉन म्हणतात. त्यांच्या टोकाची लांबट वाढ थांबून ते टोक फुगते व त्यात पिष्ट साठते, तोच कंद होय. बटाट्यावरील डोळे म्हणजे या खोडावरील कळ्या होत.

३. संप्रेरकांचे कार्य
जिबरेलिनचा शोध १९२६ साली भातरोपांच्या अवाजवी उंच वाढीच्या रोगावरून लागला. पेशी लांब करणे हे त्याचे प्रमुख कार्य आहे. स्टोलॉनच्या टोकाशी जिबरेलिन भरपूर असेतोवर फांदी लांबतच राहते. ते घटले की पेशींच्या वाढीची व विभाजनाची दिशा बदलते आणि टोक आडवे फुगू लागते.

ही घट घडविणारा संदेश पानांतून येतो. फुलोऱ्यास प्रवृत्त केलेल्या तंबाखूचे कलम बटाट्यावर केल्यास बटाट्यास कंद धरतात, असे चैलाख्यान व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखविले. २०११ मध्ये या संदेशाचे वाहक असलेले एसपी६ए हे प्रथिन ओळखण्यात आले. लहान दिवसांत ते पानांत तयार होऊन स्टोलॉनपर्यंत पोहोचते. उष्णतेत त्याची निर्मिती मंदावते.

अन्य संप्रेरके या कार्यास पूरक ठरतात. सायटोकायनिन पेशीविभाजनास चालना देते, तर ॲब्सिसिक आम्ल जिबरेलिनला विरोध करते व पुढे कंदाची सुप्तावस्था टिकविते. जास्मोनिक आम्लाशी संबंधित ट्युबेरोनिक आम्ल १९८९ मध्ये बटाट्याच्या पानांतून ओळखले गेले. त्यात कंदप्रेरक गुण आढळले.

४. हंगाम आणि नत्र
आपल्या अक्षांशावर जूनअखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरअखेरीस सुमारे अकरा तासांचा असतो. रब्बीत दिवस लहान व रात्री थंड असल्याने जिबरेलिन घटण्यास अनुकूलता लाभते. लागवड लांबली, तर मात्र कंद पोसण्याचा काळ उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. रात्रीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले की कंदनिर्मिती उतरणीस लागते. उष्णता सहन करणारे 'कुफरी सूर्या' हे वाण केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने २००६ मध्ये दिले, ते याच अडचणीवर उपाय म्हणून.

खरिपात पावसामुळे हवा थंडावते, परंतु दिवस मोठा व आकाश ढगाळ असते. या दोन्ही गोष्टी जिबरेलिनच्या बाजूच्या आहेत. त्यात नत्राची भर पडली की पारडे पाल्याकडे झुकते. पोषक द्रावणात वाढविलेल्या झाडांना नत्र अखंड मिळाल्यास कंद धरत नाहीत, पुरवठा थांबविल्यास धरतात आणि पुन्हा सुरू केल्यास कंदाच्याच टोकातून नवी फांदी निघते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून युरियाची उशिरा दिलेली जादा मात्रा खरिपात अधिक घातक ठरावी.

५. फवारणीविषयी सावधगिरी
ताज्या बेण्याची सुप्तावस्था मोडण्यासाठी जिबरेलिक आम्लाचा उपयोग शास्त्रसंमत आहे. परंतु उभ्या पिकावर वाढीचे 'टॉनिक' म्हणून त्याच आम्लाची फवारणी करणे म्हणजे कंद धरण्यास जे घटावयास हवे तेच वाढविणे होय. त्यामुळे टॉनिक विकत घेण्यापूर्वी बाटलीवरील घटकांची नावे वाचणे अगत्याचे आहे.

६. निष्कर्ष
पाल्याची हिरवी भरारी हे उत्पन्नाचे खात्रीलायक लक्षण नव्हे. वेळेवर लागवड, हंगामास योग्य वाण, नत्राची बेताची व वेळीच दिलेली मात्रा आणि अनावश्यक फवारणी टाळणे या चार गोष्टी शेतकऱ्याच्या हाती आहेत. संप्रेरके डोळ्यांना दिसत नसली, तरी या चार निर्णयांतून शेतकरी त्यांचेच नियमन करीत असतो.