सेन्सर बदलण्याआधी

मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये आली तेव्हा तिच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनावर कार्ब्युरेटर होता. गाडी मिसिंग मारू लागली की मिस्त्री कान लावून ऐकायचा, स्क्रू थोडा फिरवायचा आणि आयडलिंग जागेवर यायचं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या गाड्यांना युरो-२ या प्रदूषणाच्या निकषांसाठी एप्रिल २०००ची मुदत घातली. कार्ब्युरेटर मागे पडला, प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारं एमपीएफआय आलं, आणि मिस्त्रीच्या कानाचं काम सेन्सरकडे गेलं. ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं. तरी त्या पिढीच्या ८००, झेन, एस्टीम अजून रस्त्यावर दिसतात. त्यांना चालतं ठेवणारी ऑटो इलेक्ट्रिशियनची विद्या मला फार मोलाची वाटते, आणि ‘सेन्सर गेला, नवीन टाका’ या घाईत ती हरवते आहे याचं वाईट वाटतं.

गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बहुतेक सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो आणि सिग्नलच्या तारेवर किती व्होल्ट दिसतात त्यावरून इंजिनाची अवस्था ओळखतो. मॅनिफोल्डमधला दाब सांगणारा मॅप सेन्सर घ्या. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत सुमारे १०० किलोपास्कल, साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरला ८६च्या आसपास. आकडा जुळत नसेल तर शंका घ्यायला जागा आहे. इंजिन सुरूही न करता एक मोठी तपासणी इथे पुरी होते.

अडचण होते ती चेक इंजिनच्या दिव्यावर आंधळा विश्वास टाकल्याने. जुन्या गाड्यांत हा दिवा मुख्यतः तार पूर्ण तुटली, शॉर्ट झाली किंवा आकडा अशक्य आला की पेटतो. शक्य वाटणारा चुकीचा आकडा त्याला सहसा पकडता येत नाही. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर थंड असताना दोन-तीन हजार ओहम रोध दाखवतो, इंजिन तापलं की तो काहीशे ओहमवर येतो. आता त्याच्या कपलरमध्ये गंज चढला आणि रोधात हजारभर ओहमची भर पडली, तर ईसीएमला तापलेलं इंजिन कोमट वाटतं. तो पेट्रोल जास्त सोडतो. अ‍ॅव्हरेज घसरतं, प्लग काळे पडतात, पीयूसीत गाडी अडकते, आणि दिवा मात्र शांत! नवा सेन्सर त्याच गंजक्या कपलरला लावला तर काहीही बदलत नाही.

अर्थिंगचा दोष याहून फसवा. इंजिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामधली जाड तार किंवा ईसीएमची अर्थ जिथे बोल्टने आवळलेली असते तो डोळा, किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हिरवा पडतो. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरचं एक टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर ती तार आधी साफ करायची. सेन्सरची अर्थ बिघडली की अनेक सेन्सर एकदम खोटं बोलू लागतात, आणि एकामागून एक निर्दोष भाग बदलले जातात. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटसाठी इंजेक्टरच्या तारा कापून नुसती टेप गुंडाळलेले जोडही असेच छळतात. उंदरांनी कुरतडलेल्या तारा तर प्रत्येक वायरमनच्या ओळखीच्या. सोल्डर आणि हीट-श्रिंक नळी, एवढाच त्यावर खरा उपाय.

ऑक्सिजन सेन्सरवर सर्वांत जास्त अन्याय होतो. तापल्यावर त्याचा आकडा साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली व्हायला हवा. तो खालीच अडकला की मिश्रण पातळ आहे, असा निरोप असतो, आणि तो निरोप बहुतेकदा खरा असतो! कुठेतरी व्हॅक्यूमचा पाइप चिरलेला असतो, पेट्रोलचा फिल्टर चोंदलेला असतो, किंवा टाकीतला पंप थकलेला. अशा इंजिनांत पेट्रोलचा दाब साधारण अडीच ते तीन बार असतो. पिकअप मिळत नसेल तर आधी गेज लावावं. प्रेशर रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम पाइपमध्ये पेट्रोलचा थेंब दिसला तर आतला पडदा फाटला आहे.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने तेवढंच इंधन सोडलं तर मिश्रण पातळ होतं. ईसीएम ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे ते सावरतो, पण एका मर्यादेपर्यंतच. आधीच पंप अशक्त असलेल्या गाडीत ती मर्यादा लवकर संपते. या गाड्यांचे रबरी पाइप अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. ते चिरले आहेत का, हे दर सर्व्हिसिंगला बघणं आगीच्या दृष्टीनेही गरजेचं आहे.

गाडीतले दोष स्कॅनरला वाचू देणारी ओबीडी-२ ही प्रणाली भारतात सक्तीची झाली एप्रिल २०१३पासून. त्यामुळे मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर २००२ सालच्या गाडीशी बोलेलच असं नाही. तिथे वायरिंग डायग्राम, मल्टिमीटर आणि सवड लागते. म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्यांना एक विनंती: पुढच्या वेळी ‘सेन्सर गेला’ ऐकलंत की त्या सेन्सरचं रीडिंग, त्याचे पाच व्होल्ट आणि अर्थ मीटरवर दाखवायला सांगा. आणि मिस्त्रीने त्यात दोन तास घालवून शेवटी नुसता कपलर साफ करून गाडी परत दिली, तर त्या दोन तासांचे पैसे घासाघीस न करता द्या.