उडालेला फ्यूज काय सांगतो?

मे महिन्यात सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि उन्हात उभी केलेली गाडी आतून त्याहून कितीतरी जास्त तापते. अशा दुपारी एसी लावावा आणि त्याचा पंखा क्षणभर फिरून बंद पडावा, किंवा पुण्याहून रात्री परतताना टेंभुर्णी ओलांडल्यावर एका बाजूचा हेडलाइट जावा, हे अनेकांना नवीन नाही. मिस्त्री जळालेला फ्यूज काढतो, दुसरा बसवतो, गाडी निघते. दुसरा फ्यूज किती अँपिअरचा बसवला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. खरा धोका तिथेच असतो.

फ्यूज हा वायरिंगमधला मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. रंगीत प्लॅस्टिकच्या तुकड्यात बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची बारीक पट्टी असते. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, वायरमधले तांबे १०८५ अंशांना. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. त्यामुळे वायरवरचे आवरण मऊ पडण्याआधीच ही पट्टी वितळते आणि वीज तुटते. रंगावरून क्षमता कळते : लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३०.

हेडलाइटचेच उदाहरण घेऊ. कंपनीचा हॅलोजन बल्ब ५५-६० वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो साधारण ५ अँपिअर घेतो. उजेड कमी वाटतो म्हणून १०० वॅटचा बल्ब लावला, की हाच आकडा ८ च्या पुढे जातो. १० अँपिअरचा फ्यूज हे काही दिवस सोसतो, मग एखाद्या रात्री उडतो. 'सारखा उडतोय' म्हणून त्याजागी हिरवा फ्यूज येतो किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली जाते. त्यानंतर फ्यूज उडत नाही, कारण आता फ्यूजचे काम वायर करू लागलेली असते. डॅशबोर्डमागे, जिथे नजर पोहोचत नाही, तिथे ती तापते. तिच्यावरचे पीव्हीसी जळले की धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. पहिल्याने डोळे-घसा पेटतो, दुसऱ्याचा वासही येत नाही. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपिअर ओकू शकते.

म्हणून नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा हवा आणि तो बदलण्याआधी गाडी बंद हवी. तोही लगेच उडाला, तर तिसरा घालण्यात अर्थ नाही. जुना फ्यूज उजेडात धरून पाहावा. पट्टी मधोमध नुसती तुटलेली असेल तर भार जास्त झाला असावा. आतून काळा पडला असेल तर शॉर्टचा संशय घ्यावा. केव्हा उडाला हेही महत्त्वाचे. बटण दाबताच उडाला, तर वायर कुठेतरी गाडीच्या पत्र्याला टेकली आहे. खड्ड्यात आदळल्यावर उडत असेल, तर ती घासली गेली आहे. पंधरा-वीस मिनिटांनी उडत असेल, तर पंख्याची मोटर जड फिरत असेल.

शॉर्ट शोधायला जुने मिस्त्री एक साधी युक्ती करतात. फ्यूजच्या जागी वायर जोडलेला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावतात. तो पावणेदोन अँपिअरहून जास्त प्रवाह जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख पेटतो. मग वायरिंग एकेक ठिकाणी हलवत जायचे. बल्ब जिथे मंद होईल किंवा विझेल, तिथे दोष. नुसते फ्यूज जाळत बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे! मात्र पिवळ्या कनेक्टरच्या वायरिंगला हात लावू नये, ते एअरबॅगचे असते. इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड केशरी केबल तर कंपनीच्या प्रशिक्षित माणसासाठीच सोडाव्यात. तिथला व्होल्टेज जीवघेणा असतो.

दोष बहुधा ठरावीक जागी सापडतो : दरवाजा-डिकीच्या बिजागरीजवळ रोज वाकणारी वायर, बाहेरून बसवलेला हॉर्न किंवा स्पीकर, लायटरच्या सॉकेटमध्ये पडलेले नाणे. ज्वारीच्या या पट्ट्यात उंदीर हेही मोठे कारण. चार दिवस एका जागी उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ते आसरा घेतात आणि वायर कुरतडतात. सणासुदीला गावाकडे गेलेली गाडी काढण्याआधी बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का, पाहायला एक मिनिट पुरते.

चालत्या गाडीत जळका वास किंवा धूर आला, तर बाजूला थांबून इंजिन बंद करावे आणि सगळ्यांनी उतरून लांब जावे. बॉनेट उचलू नये, हवा मिळताच आग भडकते. महामार्गावर १०३३ किंवा कुठेही ११२ या क्रमांकावर मदत मागता येते.