काळ्या थेंबाखाली

व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटच्या पाठीवरचा स्क्रू काढला की आत हिरवी पट्टी निघते. खालच्या कडेला सोनेरी दात, दोन्ही बाजूंचे मिळून ६०. मधोमध, जिथे चिप असायला हवी तिथे, डांबराचा थेंब पडून वाळावा तसा काळा गोळा. नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा थेट पट्टीवर चिकटवायचा, केसाहून बारीक तारांनी जोडायचा आणि वरून इपॉक्सी ओतायचं. वेष्टनाचा खर्च वाचतो. त्या थेंबावर ना क्रमांक, ना कंपनीचं नाव. बाहेरच्या स्टिकरवर मात्र ठळक अक्षरांत ‘९९९९९९९ इन १’. मे महिन्याच्या चार सुट्ट्या माझ्या या थेंबाखाली गेल्या.

हे खेळ कुणी बनवले, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आता पडतो, आणि त्याचा माग जपानपासून काढावा लागतो. निन्टेंडोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी तिथे विक्रीला आला. आठ बिटांचा, १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. कॅसेटच्या खाचेत ६० पिना, आणि कुलूप नाही. दोन वर्षांनी हेच यंत्र एनईएस या नावाने अमेरिकेत गेलं तेव्हा निन्टेंडोने ७२ पिनांची नवी खाच केली आणि कुलूप बसवलं.

ते कुलूप मोठं सुंदर आहे. एक छोटी चिप यंत्रात, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघींना एकाच घड्याळाचा ठेका. बटण दाबल्यापासून दोघी एकमेकींना शून्य-एकची ठरलेली मालिका पाठवत राहतात. भजनात समोरासमोर उभे राहिलेले दोन टाळकरी एकमेकांचा ठेका धरून असतात, तसं. एकीचा टाळ चुकला की यंत्रातली चिप मुख्य प्रोसेसरला दर सेकंदाला रीसेट करू लागते आणि पडदा नुसता उघडमीट करत राहतो. जोडीदार चिप मिळे ती निन्टेंडोकडूनच. त्यामुळे कॅसेटही त्यांच्याकडूनच बनवून घ्यायची, पैसे आगाऊ मोजायचे आणि एका कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढायचे.

विनापरवाना खेळ म्हणजे ही चिप नसलेला खेळ. तो चोरलेला असेलच असं नाही. ब्रिटनच्या कोडमास्टर्सचा १९९१ चा ‘मायक्रो मशिन्स’ पाहा. न्याहारीच्या टेबलावरून, बिलियर्डच्या हिरव्या कापडावरून धावणाऱ्या इवल्याशा गाड्यांची ती शर्यत अस्सल, स्वतःच्या मेहनतीची होती आणि परवान्याच्या अनेक खेळांपेक्षा सरस होती. दुसऱ्याच्या खेळाची प्रत काढून विकणं ही चोरीच. पण या दोन गोष्टी लोक एकाच पोत्यात भरतात, ते मला पटत नाही.

कुलूप काढायच्या दोन तऱ्हा निघाल्या. अटारी गेम्सने आपल्या टेंजन या शाखेसाठी जोडीदार चिपच बनवायचं ठरवलं. इंजिनिअरांनी मूळ चिपचे थर रसायनांनी सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तरी पूर्ण उलगडा होईना. मग १९८८ मध्ये कंपनीच्या वकिलाने, कोर्टात दावा चालू आहे असं खोटंच सांगून, अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून निन्टेंडोच्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली. त्यातून तयार झालेली चिप ‘रॅबिट’. ती उत्तम चालली. पण निन्टेंडोच्या प्रोग्रॅममधले, या चिपच्या कामाला लागतही नसलेले तुकडे तिच्यात उतरले होते आणि १९९२ च्या अपिलाच्या निकालात ते नडले. चिप उघडून तिचा अभ्यास करणं मुळात गैर नाही, हेही त्याच निकालात कोर्टाने मान्य केलं. थोडा धीर धरला असता तर टेंजनची बाजू भक्कम राहिली असती, असं मला नेहमी वाटतं.

कॅलिफोर्नियाच्या कलर ड्रीम्सने टाळकऱ्याची नक्कल केलीच नाही. समोरच्याचे हात क्षणभर बधिर करायचे, एवढंच. कॅसेटमधल्या छोट्याशा सर्किटमधून कुलपाच्या चिपला उणे व्होल्टेजचा झटका जाई. चिप गोठे, आणि गोठलेली चिप रीसेट करू शकत नसे. निन्टेंडोने पुढे यंत्रातच यावर तोड केली. खरी कोंडी मात्र दुकानांत होती. विनापरवाना माल ठेवला तर निन्टेंडोचा माल बंद होईल, ही दुकानदारांची धास्ती. तेव्हा कलर ड्रीम्सने ज्यांच्याकडे निन्टेंडोचा माल नव्हताच अशी दुकानं शोधली : ख्रिस्ती धार्मिक पुस्तकांची. विज्डम ट्री या नव्या नावाने १९९१ मध्ये ‘बायबल ॲडव्हेंचर्स’ आला. त्यात नोहा एकेक जनावर उचलून डोक्यावर ठेवतो, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं, आणि ती डुलती उतरंड सांभाळत तारवाकडे धावतो. खेळ म्हणून तो ओबडधोबड आहे, पण ती उतरंड एकदा पाहिली की विसरत नाही.

हे सगळं अमेरिकेतलं. आशियात कुलूपच नव्हतं. तैवानमध्ये यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या प्रोसेसरच्या आणि चित्राच्या चिपचे जुळे भाऊ काढले आणि त्यांवर यंत्रं बनू लागली. रशियात ते ‘डेंडी’ झालं, पोलंडमध्ये ‘पेगासस’, आपल्याकडे ‘मायक्रो जीनियस’ आणि ‘लिटल मास्टर’. ६० पिनांची ती जपानी खाच अशी आपल्या टीव्हीखालच्या कपाटात आली.

‘९९९९९९९ इन १’ मध्ये खेळ असत मोजकेच. यादी पुढे सरके तसे तेच खेळ नव्या नावाने येत. कधी थेट पुढच्या लेव्हलपासून, कधी जास्तीच्या लाइफ घेऊन. आकडा धादांत खोटा. पण आतली करामत खरी. प्रोसेसरला एका वेळी कॅसेटमधले ३२ किलोबाइटच दिसतात. मोठ्या रॉममधला कुठला कप्पा समोर धरायचा हे ठरवणारं एक साधं सर्किट बसवायचं आणि यादीतला खेळ निवडला की तो कप्पा फिरवायचा. त्यासाठी खेळ छोटे हवेत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ चित्रांसकट ४० किलोबाइटचा. नामकोचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’ २४ चा. आपण त्याला नुसतं ‘टँक’ म्हणायचो. विटांच्या कोंडाळ्यात गरुड, आणि चुकून आपल्याच गोळीने तो उडाला की शेजारी बसलेल्या भावाची बोलणी. हा खेळ त्या काळी अमेरिकेत अधिकृतपणे आलाच नाही. सांगलीच्या, लातूरच्या मुलांना तो पाठ होता, कारण तो थेंबाखाली मावत होता.

त्या जगात अफाट हिमतीचे लोकही होते. तैवानच्या हमर टीमने १९९४ मध्ये ‘सोमारी’ काढला. सेगाच्या सोळा बिटांच्या यंत्रासाठी लिहिलेला ‘सॉनिक’ या आठ बिटांच्या यंत्रात उतरवला आणि त्याच्या नायकाच्या जागी मारिओला धावायला लावलं. पात्र एका कंपनीचं, रस्ते दुसऱ्या कंपनीचे, दोन्ही उचललेले. पण ते वेगाने सरकणारे चढउतार २ किलोबाइट मेमरीत नव्याने लिहून बसवणं हे कुणा कसलेल्या कारागिराचं काम आहे. तो कारागीर मला भेटायला हवा होता.

राहिली गोष्ट सुरांची. फॅमिकॉम सेकंदाला ६० चित्रं काढतो; आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५०. निन्टेंडोच्या युरोपी यंत्रात प्रोसेसरही मंदावला होता, त्यामुळे तिथे सूर उतरत. यूएमसीने दुसरा उपाय केला. प्रोसेसर जवळजवळ मूळ वेगाचाच, १.७७ मेगाहर्ट्झचा ठेवला आणि प्रत्येक चित्रामागे काही रिकाम्या ओळी भरल्या. जपानी कॅसेट विनातक्रार चालायच्या. संगीत मात्र चित्रांच्या गतीने पुढे सरके. म्हणून सूर तोच, लय विलंबित.

गेल्या दिवाळीत माळ्यावरून यंत्र काढलं. लहानपणी कॅसेटमध्ये मारलेल्या फुंकरांनी दातांवर हिरवट डाग धरले होते. तोंडातली वाफ धातूला खाते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. खोडरबराने एकेक दात घासला, स्पिरिटचा बोळा फिरवला. तिसऱ्या खेपेला मारिओ उभा राहिला. भाच्याने ऐकलं आणि म्हणाला, “मामा, हे इतकं सावकाश का वाजतंय?” त्याने फोनवर मूळ धून लावली, मी रीसेट दाबून स्टार्ट दाबलं, दोन्ही एकदम सुरू केल्या. फोनची सहावी ओळ संपली तेव्हा आमची पाचवी संपत होती.