धरणात पाणी असेल तर होडी, नसेल तर पायी

अंबाजोगाईत परगावची गाडी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी विचारतात, देवीला आलेत की दवाखान्याला? प्रश्न रास्तच आहे. योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता आणि इथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय म्हणजे आजूबाजूच्या तालुक्यांचा आधार. पण माझी पुण्याची भाची आणि जावईबापू दिवाळीनंतर आले ते नुसतंच हिंडायला. समोरच्या काकूंनी मला बाजूला घेऊन दोनदा विचारलं, "घरी सगळं बरं हाय ना?"

भाचीला डोंगर चढायची हौस. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मिलफर्ड ट्रॅक नावाची पायवाट आहे, ती तिने केलेली. साडेत्रेपन्न किलोमीटरची वाट. आधी 'ते अनाऊ' नावाचं सरोवर बोटीतून ओलांडायचं, मग चार दिवस चालायचं आणि शेवटच्या टप्प्याला पुन्हा बोट. तिथे वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फोटो दाखवून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, तुमच्या बीडला असं काही असेल का गं?"

"चालणं आणि होडी दोन्ही आहे," मी म्हणाले. "फक्त पाऊस त्याचा दहावा हिस्सा धर."

माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे घरातून निघण्याआधी नकाशा उलगडल्याशिवाय मला राहवत नाही. बीड जिल्हा बालाघाटाने आडवा कापला आहे. ही डोंगररांग सह्याद्रीसारखी उंच नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेलं हे काळ्या दगडाचं पठार, त्याच्या कडा झिजून पायऱ्या पडल्या आणि मधून दऱ्या कोरल्या गेल्या. रांगेच्या उत्तरेला उतार गंगथडीकडे, म्हणजे गोदावरीकाठाकडे जातो. तिकडचं बरंचसं पाणी सिंदफणेत उतरतं आणि माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळतं, म्हणजे जिल्ह्याच्या आतच त्याचा प्रवास संपतो. दक्षिणेच्या उतारावरचं पाणी मांजरेत जातं. मांजरा उगवते पाटोदा तालुक्यात, जिल्ह्याची दक्षिण कड धरून पूर्वेला जाते, लातूर आणि बिदर ओलांडते, तेलंगणात उत्तरेला वळते आणि ७२४ किलोमीटर चालून त्याच गोदावरीला भेटते. वाटेत निजामसागर भरते, हैदराबादच्या नळांनाही पाणी देते. पश्चिमेला सौताड्याच्या धबधब्यावरून उडी घेणारी विंचरणा मात्र जामखेडमार्गे सीनेला, तिथून भीमेला आणि शेवटी कृष्णेला जाते. पाटोद्याच्या एका माळावर पडलेला पाऊस असा दोन मोठ्या खोऱ्यांत वाटला जातो. म्हणून आमच्याकडे हिंडायचं तर पाण्याच्या मागोमाग हिंडावं. आमची वाट ठरली: धारूर, अंबाजोगाई आणि मग धनेगावचं मांजरा धरण.

धारूरचा किल्ला डोंगराच्या टोकावर आहे, पण गावही त्याच उंचीवर असल्यामुळे चढ लागत नाही. गावाकडून सपाटीवरून चालत जायचं आणि दरवाजातून आत गेल्यावर कळतं की बाकीच्या बाजूंना दरी आहे. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने तो बांधून काढला, मग निजामशाहीने घेतला आणि शहाजहानच्या काळात मोगलांनी. तटाबुरुजांपेक्षा मला आतली तळी दाखवायची असतात. ज्याला किल्ला राखायचा त्याला आधी पाणी राखावं लागलं, हे तिथे एका नजरेत समजतं. खंदकही नैसर्गिक दरीला जोडून घेतलेला आहे. आज धारूरच्या नळाला पाणी येतं ते मांजरा धरणातून, खालून वर उपसून. डोंगरमाथ्यावरचं गाव दरीच्या तळातलं पाणी पितं.

किल्ल्यावरून घाटाच्या बाजूने उतरणाऱ्या पायवाटा गुराख्यांच्या आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुडघाभर गवत असतं आणि त्याची कुसळं मोज्यात शिरतात. जावईबापूंनी महागडी हाफ पँट घातली होती. तासाभरात त्यांनी माझ्याकडे जुनं धोतर मिळेल का म्हणून विचारलं. दोन्ही बाजूंना सीताफळी. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर त्या कुणी न लावता येतात. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण घाटात पाटी घेऊन बसलेल्या बाईला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. "डोळे उघडलेलं घ्या," ती म्हणाली, "उद्याला पिकतंय." फळावरच्या खवल्यांमधल्या फटी पिवळ्या झाल्या की ते तोडायला आलं, हे भाचीला तिच्याकडून कळलं.

याच घाटातून तेव्हा ट्रॅक्टर चालले होते. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी, वर मुलं. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि धारूर, वडवणी, केज, पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातली माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. इथे फिरायला जे दिवस सगळ्यात चांगले, त्याच दिवसांत इथली माणसं घराला कुलूप लावतात. वाडीत पाणी मागायला थांबलो तर ओट्यावर म्हातारा-म्हातारी आणि एक लहान नातू एवढेच. म्हातारीने तांब्या पुढे केला आणि आम्ही कोणत्या कारखान्याचे, असं विचारलं. परकं माणूस येतं ते ऊसतोडीची उचल द्यायला, मुकादमाबरोबर. नुसतं चालायला येणारा माणूस तिच्या ओळखीतला नव्हता.

दुसऱ्या सकाळी अंबाजोगाईची दरी. गावाच्या एका बाजूला पठार एकदम तुटतं आणि तिथे कड्याच्या कुशीत मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधु' हा त्यांचा ग्रंथ परंपरेने शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात. ज्ञानेश्वरीच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचा. तो लिहिला गेला ते गाव विदर्भातलं आंभोरा असावं, असं काही अभ्यासक मानतात. हा वाद आम्ही अंबाजोगाईकर शांतपणे ऐकून घेतो आणि पाहुण्यांना समाधीवरच नेतो. पावसाळ्यात समोरच्या कड्यावरून पाणी पडतं. आम्ही गेलो तेव्हा धार बारीक झाली होती, पण दरीत हिरवळ टिकून होती. वर पठारावर उन्हाने डोकं तापलं होतं आणि खाली झाडीत गारवा होता.

परतताना हत्तीखाना पाहिला. जयंती नदीच्या काठी खडकात कोरलेली ही लेणी. जमिनीच्या पातळीखाली उतरून अंगणात आलं की मधोमध नंदीमंडप आणि अंगावर येतील एवढे मोठे दगडी हत्ती. लोक सांगतात, योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. हे हत्ती त्या वऱ्हाडातले. लेणी आणि किल्ल्याच्या दऱ्या एकाच बेसॉल्टच्या आहेत, हे मी सांगायला गेले तर भाची म्हणाली, "मावशी, आत्ता वऱ्हाडच राहू दे."

तिसरा मुक्काम धनेगाव, केज तालुका. मांजरा धरण इथे आहे. लातूर, अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब, सगळ्यांची तहान याच्यावर. इथे पर्यटकांसाठी तिकीट काढून होडीत बसण्याची सोय नाही, हे आधीच सांगते. पाण्यावर असतात ते मासेमार. तलावातली मासेमारी सहकारी संस्था ठेक्याने घेतात, रोहू-कटल्याची बोटुकली सोडतात आणि भोई समाजाची माणसं तंगुसाची जाळी टाकून पहाटे ती उचलतात. माझ्या ओळखीच्या एका मासेमाराने आम्हाला काठाकाठाने फिरवायचं कबूल केलं. भाचीने पुण्याहून लाइफ जॅकेट आणली होती. ती घालताना मला संकोच वाटला, कारण त्याच्या अंगावर बनियनशिवाय काही नव्हतं. पण तोच म्हणाला, "घाला ताई. आमी पोहून निघतो, तुम्ही निघणार न्हाई." २०२२ मध्ये माजलगावच्या धरणात बुडालेल्या माणसाला शोधताना कोल्हापूरहून आलेल्या बचावपथकातल्या जवानाचाही जीव गेला. धरणाच्या तळाला जुनी झाडं, विहिरी, जाळी असतात आणि वरून पाणी तेवढंच शांत दिसतं.

होडी पाण्यात आली. चक्रवाकांची जोडी दूर काठावर उतरली होती. मासेमाराने वल्हं थांबवून एका बाजूला हात केला. "तुमचं आजोळ हितंच कुटं तरी." माझ्या आजोळची पांढरी या धरणात गेली. मारुती नव्या गावठाणात नेला, घरं तिथेच राहिली. लहानपणी सुट्टीला जात होते ते गाव मी त्यानंतर एकदाच पाहिलं, २०१६ च्या उन्हाळ्यात.

त्या वर्षी मांजरा कोरडी पडली होती. लातूरला पाणी आगगाडीने आणावं लागलं. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. त्याच महिन्यात आम्ही आईला घेऊन धरणाच्या तळात उतरलो आणि भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. जोती दिसत होती, एक जातं दिसत होतं. आईने ओळीने घरं सांगितली: हे पाटलाचं, हे सुताराचं, इथे आपली चूल. चालायला वाट सोपी होती. मासेमार म्हणाला की त्या साली त्याने होडी दारापुढे पालथी घातली आणि कोयता घेऊन साखरकारखान्याला गेला. मग त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरलं आणि तो परतला. २०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं. मराठवाड्यात इतका पाऊस झाला की मांजरेने काठची उभी पिकं नेली. तेव्हा होडी झाडाला बांधून तो माळावर जाऊन बसला होता.

जिथे मी चालले तिथूनच आता होडी चालली होती. मिलफर्डला पायवाट कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते नकाशावर कायमचं ठरलेलं आहे. आमच्याकडे ते दरवर्षी पाऊस ठरवतो. भूगोलाच्या पुस्तकात 'अवर्षणप्रवण प्रदेश' एवढे दोन शब्द असतात. मी ते मुलांकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतले. त्यांचा अर्थ दाखवायचा तर वर्गाला धारूरच्या तळ्यापासून धनेगावच्या काठापर्यंत न्यायला हवं होतं.

यायचं असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी या. मुक्काम अंबाजोगाईला करा, तिथून प्रत्येक ठिकाण एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे. पूर्ण लांबीची पँट आणि जाड तळव्याचे बूट घाला. दरीत पावसाळ्यात उतरू नका, शेवाळावर गावचा माणूसही घसरतो. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांजवळ जाऊ नका, होडीत बसण्याआधी जलसंपदा विभागाच्या माणसाला विचारा आणि जॅकेट स्वतःचं आणा. होडीवाल्याला त्याच्या दिवसाच्या मासळीइतके पैसे द्या, कारण तेवढा वेळ त्याची जाळी रिकामी राहते. वाडीतून जाताना पाणी मागा आणि दोन घटका ओट्यावर बसा. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना बोलायला कुणी नसतं.

आणि निघण्याआधी मांजरा धरणाचा साठा किती टक्के आहे ते वर्तमानपत्रात बघा. आमच्याकडे तो आकडा सोन्याच्या भावासारखा रोज वाचतात. पाणी असेल तर जॅकेट आणा, नसेल तर टोपी आणि पाण्याच्या दोन बाटल्या जास्त.