जोडीचं क्राउन-पिनियन

संपादकांनी पाठवलं होतं ते जुन्या जीपगाड्यांवर लिहायला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये जीप होतीही, पण माझी नजर खिळली ती तिच्या शेजारी पोत्यावर मांडलेल्या दोन वस्तूंवर: वीतभर रुंदीचं दातेरी क्राउन आणि त्याला फिरवणारं पिनियन. या जीपच्या पुढच्या ॲक्सलमधली जोडी काढून तिथं दुसऱ्या जीपची बसवायची होती.

इतिहास थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनी लष्करासाठी जीप बनवल्या. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत विलीसच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढं उंच बॉनेटची सीजे-3बी आपल्याकडं गावोगाव पोचली. लष्करी जीपच्या क्राउनला 39 दात आणि पिनियनला 8, म्हणजे रेशो 4.88. नागरी जीपला शेतात राबायचं होतं, ओझं ओढायचं होतं. म्हणून तिथं 43 दातांचं क्राउन आलं आणि रेशो झाला 5.38. पिनियनचे दात तेच आठ.

शेतात हा रेशो सोन्यासारखा. हमरस्त्यावर मात्र इंजिन किंचाळतं. ताशी 60 किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण 440 वेळा फिरतं; टॉप गिअरमध्ये 5.38 ला इंजिनाचे सुमारे 2,370 फेरे होतात, 4.88 ला 2,150. या जवळपास सव्वादोनशे फेऱ्यांसाठी मालक जुन्या लष्करी ॲक्सलच्या शोधात फिरतात.

या गॅरेजचे मिस्त्री साठीच्या पुढचे. पुढचा ॲक्सल उघडायचा तर दोन्ही चाकं, हब, ब्रेकप्लेटा उतरवून नकलमधून, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यातून, शाफ्ट ओढून काढावे लागतात. तेव्हा कुठं क्राउन ज्यावर बसतं ते डिफरन्शियल बाहेर येतं. हे काम त्यांची पोरं करतात. मिस्त्री बसतात ते शिम लावायला. शिम म्हणजे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या. पिनियन आत किती जाईल आणि क्राउन त्याच्याजवळ किती सरकेल, हे त्यांच्यावर ठरतं. दोन दातांमध्ये पाच-सात थाऊची, म्हणजे हजारांश इंचाची, फट राहायला हवी. डायल लावून ते ती मोजतात. पण खरी परीक्षा रंगाची. क्राउनच्या चार-पाच दातांना निळा रंग फासायचा, पिनियन हातानं फिरवायचं आणि रंग कुठं पुसला गेला ते पाहायचं. डाग दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत गेलंय, टोकाशी उमटला तर मागं राहिलंय. मग सगळं पुन्हा सोडवायचं, बेअरिंगचा कप ठोकून काढायचा, एक शिम बदलायची. डाग दाताच्या मध्यावर येईपर्यंत त्यांचा चेहरा हलत नाही. इतक्या शांत चिकाटीनं काम करणारं माणूस मी क्वचितच पाहिलंय.

"मागं दाताची जी बाजू गाडी वढती, ती पुढं मोकळी राहती बघा," ते म्हणाले. "पुढं दुसरी बाजू वढती."

पुढचा ॲक्सल मागच्याच्या उलट तोंड करून बसलेला असतो. त्यामुळं मागं क्राउनच्या दाताची फुगीर बाजू जोर घेते, तर पुढं गाडी पुढं जाताना खोलगट बाजू, आणि ती बाजू जात्याच दुबळी. म्हणून मिस्त्री पुढच्या जोडीचा डाग दोन्ही अंगांनी पाहतात आणि खोलगट बाजूला जास्त वेळ देतात.

अडचणी इथून पुढं. जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडं जाणाऱ्या शाफ्टांमध्ये गतीतला फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नसतं. फोर-व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकाच गतीनं फिरतात. पुढं 4.88 आणि मागं 5.38 राहिलं, तर पुढची चाकं दहा टक्के जास्त पळू पाहतात. टू-व्हीलवर ही चूक लपून राहते. चिखलात चाकं घसरून फरक गिळतात. कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो आणि काहीतरी तुटतं. म्हणजे पुढचं बदललं की मागचंही बदलणं आलं, आणि खर्च दुप्पट झाला. शिवाय स्पीडोमीटर शाफ्टच्या फेऱ्यांवर चालतो. त्याचा गिअर बदलला नाही तर काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने धावत असते.

सगळ्यात अवघड म्हणजे जोडी मिळणं. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होतात. दोघांवर एकच जुळणीचा नंबर कोरलेला असतो. भंगारात मात्र क्राउन एका ढिगात जातं, पिनियन दुसऱ्या. वेगळ्या जोड्यांतले दोन चांगले तुकडे एकत्र बसवले, तर कितीही शिम लावा, डाग मध्यावर येत नाही आणि गाडी रडत राहते. मिस्त्रींनी असे सुटे पिनियन किलोच्या भावानं परत विकलेत. गिऱ्हाइकाला धीर नसतो. ते म्हणतं, पुढचा शाफ्टच काढून टाका, मागच्यावर चालवतो. फोर-व्हीलसाठीच जन्मलेल्या कितीतरी जीप आज पुढच्या शाफ्टाविना धावताहेत, आणि पुढच्या ॲक्सलवर काम शिकायला या गॅरेजमध्ये नवीन पोरगं येत नाही.