झोप मेंदूत, पुरावा मनगटात

जुलैच्या रात्री लोणावळ्याजवळच्या भुशीत पाऊस कोसळत असतो आणि घरात गाढ झोपलेल्या कुणाच्या तरी मनगटावर घड्याळाखाली हिरवा दिवा लुकलुकत असतो. झोप घडते मेंदूत, तरी सकाळी हे घड्याळ सांगतं, गाढ झोप इतकी, स्वप्नांची इतकी. त्याला कळतं कसं?

रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं, परतणारा प्रकाश घटतो, आणि या चढउतारांतून घड्याळ नाडी वाचतं. खरं नवल आहे ते दोन ठोक्यांमधल्या अंतरात. श्वास घेताना हृदय किंचित वेग धरतं, सोडताना मंदावतं. म्हणजे नाडीत श्वाससुद्धा उमटलेला असतो! गाढ झोपेत दोन्ही संथ, एकसारखे चालतात. स्वप्नांच्या झोपेत हातपाय जवळजवळ लुळे पडतात, पण हृदय आणि श्वास लय मोडतात. अंग निश्चल आणि नाडी अस्वस्थ, या विसंगतीवरून हालचालही टिपणारं घड्याळ स्वप्नाचा अंदाज बांधतं. कुणाचं स्वप्न त्याच्या मनगटावर उमटावं, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

शरीराच्या आत चाललेलं बाहेरून मोजायचा ध्यास लोणावळ्याला नवा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम ही योगसंस्था उभारली. पोटाचे स्नायू घुसळण्याची नौली ही योगक्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब उतरतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं. त्याच वर्षी जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतले विद्युत तरंग पहिल्यांदा टिपले. झोपेचे टप्पे खात्रीनं ठरतात ते आजही याच तरंगांवरून, आणि ते मनगटापर्यंत पोचत नाहीत.

मनगट किती चकवू शकतं, हे वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसतं. नाडी थांबवून दाखवणाऱ्या योग्यांची त्यांनी तपासणी केली. बोटांना नाडी लागेना, पण हृदयाचा विद्युत आलेख चालूच होता. स्नायू आवळून छातीतला दाब वाढवल्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त तेवढं घटलं होतं.

घड्याळाची अडचण याच जातीची. शवासनात जागेपणी निश्चल पडलेला माणूस त्याला झोपलेला वाटू शकतो. रात्रभर डोळे मिटून झोपेची वाट पाहणाऱ्याच्या खात्यावरही ते न लागलेली झोप जमा करतं. असं जागं पडून राहणं कमी असेल तर एकूण वेळेचा आकडा बराचसा विश्वासाचा, टप्प्यांचे आकडे मात्र अंदाजाचेच. रोजच्या आकड्यापेक्षा महिन्याभराचा कल पाहावा. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्टसर बांधावा; सैल राहिला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि नाडी चुकते.

आणि घोरता घोरता श्वास अडत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर घड्याळानं कितीही चांगले गुण दिले तरी डॉक्टरांना गाठावं. नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनमापक लावून झोपेतल्या श्वासाची तपासणी आता घरच्या अंथरुणातही होते.