औशाचा किल्ला : पाण्याखालील महाल

इंग्लंडांतील मध्ययुगीन सरदारांच्या वाड्यांचीं चित्रें आपण पुस्तकांत पाहतों. भोंवतीं खंदक, मध्यें दगडी वाडा व सभोंवार हिरवीगार बाग. तेथें पाऊस बाराही महिने पडतो. आमच्या मराठवाड्यांत तो चारच महिने यावयाचा. म्हणून येथें ज्याला महाल बांधावयाचा व बाग लावावयाची, त्याला प्रथम पाण्याची तजवीज करावी लागे. लातूरपासून सुमारें २० किलोमीटरवरील औशाचा किल्ला याचें उत्तम उदाहरण आहे.

हा किल्ला भुईकोट, म्हणजे सपाट भूमीवरील आहे. डोंगराचा आधार नसल्यामुळें दुहेरी तट व रुंद खंदक यांवरच त्याची भिस्त असे. बहामनी, निजामशाही व आदिलशाही या सत्ता येथें नांदल्या. इ. स. १६३६ मध्यें शहाजहानच्या सैन्यानें तो जिंकला. पुढें तो हैदराबादच्या निजामाकडे गेला व इ. स. १९४८ मध्यें तें संस्थान भारतांत विलीन झालें.

किल्ल्यांत विहिरी आहेत. परंतु पाहणाराचें चित्त वेधतें तें एका तळघरवजा दालनाकडे. त्याचें छत म्हणजेच वरच्या हौदाचा तळ होय. वर पाणी, खालीं माणसें! ऊन प्रथम पाण्यावर पडे. पाणी तापावयास वेळ लागतो व त्याची वाफ होतांना उष्णता निघून जाते. ज्या नियमानें माठांतील पाणी गार होतें, त्याच नियमानें भर वैशाखांत हें दालन गार राही. भार जाड कमानी तोलीत व चुन्याचा गिलावा पाणी झिरपूं देत नसे. जुन्या काळीं बागाही अशाच जोपासीत : विहिरीचें पाणी मोटेनें वर येई, पाटानें हौदांत जाई व तेथून फुलझाडांच्या वाफ्यांत खेळे.

इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं आलेल्या पहिल्या गाडींत ५ लक्ष लिटर पाणी होतें. ते दिवस कसे काढले, हें आपल्या वडीलधाऱ्यांस विचारा.

किल्लेदारांनीं पाणी राखिलें तें आपल्या महालासाठीं; आपणांस तें साऱ्या गांवासाठीं राखावयाचें आहे. सहलीस औशास गेलां, तर नुसते बुरूज मोजून परतूं नका. पाणी कोठून येई व कोठें जाई, हें शोधा. आणि घरीं आल्यावर आपल्या छपरावरचें पावसाचें पाणी कोठें जातें, तेंही पाहा.